रामपायलीचा ओटीपी

माझी रूम पार्टनर दुर्गा मोबाईलवर साधी ओढणी मागवायची झाली तरी आधी गावी, रामपायलीला, बापाला फोन लावते. परवानगीसाठी नाही हो. तिच्या बँक खात्याला नंबरच बापाचा आहे. कार्डानं पैसे भरले की ओटीपी जातो तिकडे शेतात, धानाच्या बांधीत, अन् बालाघाटच्या आमच्या खोलीत ही फोन कानाला लावून डोळे मिटून बसते.

पलीकडे बाबा आधी चष्मा शोधतात. मग मेसेज पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतात. "बाबा, फक्त सहा आकडे सांगा ना," ही म्हणते. "थांब बाई, सारं वाचू दे. पैशाचं काम हाय," ते म्हणतात. तोवर ओटीपीची वेळ संपते. मग दुसरा मागवायचा. पैसे तिचे, पण जीव माझा टांगणीला लागतो.

त्या मेसेजात रक्कमही येते, म्हणून दुर्गाची चैन बंद. एकदा एक महागडी चप्पल निवडून ठेवली, दोन दिवस तिच्याभोवती घुटमळली, अन् शेवटी काढून टाकली. म्हणे, "बाबा आकडा वाचतीन वं. मले लाज वाटते." आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरी मोबाईलच्या हप्त्यापायी रडतात, स्कॉलरशिप आली की आठवड्यात सफाचट. दुर्गाची मात्र वर्षभर पुरते.

पैसे कसे सांभाळायचे ते सांगायला कॉलेजात बँकेचे एक साहेब आले होते. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, असं त्यांनी हिंदीतून चांगलं बजावलं. दुर्गानं हात वर केला. "सर, और पिताजी हमको बताएँ तो?" सगळा वर्ग हसला. साहेब म्हणाले, अर्ज दे बेटा, स्वतःचा नंबर लावून घे. बँक आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. मी कितीदा म्हटलं, चल. कधी हिचं डोकं दुखतं, कधी आधार कार्ड सापडत नाही. मला संताप यायचा. एवढी शिकलेली पोरगी, अन् स्वतःच्या खात्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती?

मग परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख आली. साइट सकाळपासून बंद, ती चालू झाली दुपारी, अन् पाच वाजता कायमची बंद होणार होती. दुर्गानं फोन लावला. बाबा उचलेनात. पुन्हा लावला, पुन्हा तेच. माझ्या खात्यात तेवढे पैसे नव्हते, नाहीतर मीच भरून टाकले असते. फॉर्म राहिला तर वर्ष गेलं.

"घे आता. म्हटलं होतं ना तुले?" मी चिडून म्हटलं.

तिला ते ऐकूच गेलं नाही. "काहून नाही उचलून राह्यले वं? माय गेल्यापासून एकलेच रायतेत ते. शेतात काही झालं तर कोणाले समजन?" फी तर तिच्या ध्यानातही नव्हती.

पाचाला थोडा वेळ उरला असताना बाबांचा फोन आला. शेतातली मोटार बिघडली होती, ते तिथं अन् फोन बांधावर. आवाज ऐकून दुर्गाला रडूच फुटलं, म्हणून फोन मी घेतला. नवा ओटीपी मागवला, काकांनी आकडे सांगितले, मी भरले. फीची पावती दिसली तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

त्याच भरात मी बोलून गेले, "काका, उद्या मी इले बँकेत घेऊन जातो. नंबर बदलून टाकू. तुमची कटकट जाईन."

 

"नको बदलू बाई," काका म्हणाले. "तिची माय होती तवा दोघी तासतास बोलत. मले बोलता येत नाही. हे आकडे सांगाचे असतेत, म्हणून तिचा फोन येते."

 मी फोन दुर्गाच्या हातात दिला.

"बाबा, जेवले का?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"हौ. तू?"

"हौ."

पुढं दोघांनाही काही सुचेना, अन् फोन कोणीच ठेवेना.