प्लॅटिनमने मढविल्या दाराची आणि गोजराबाईसाहेबांच्या वतनाची हकिकत

श्रीअग्निनारायण प्रसन्न. ज्याच्या तापाने पक्की भिंतही वाट देते त्यास दंडवत घालून, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, जे वर्तले ते सांगितले जाते ऐसीजे. राज्य तळहाताएवढे, हवा आणि हायड्रोजन यांपासून वीज करणाऱ्या घटाचे. मध्ये भाजल्या चिनीमातीची लालबुंद भिंत, भिंतीत जागोजाग रिकामी ठाणी, आणि भिंतीच्या अलीकडच्या अंगास धातूचे दार. अलीकडून हवेतले प्राणवायूचे गडी जोडीने, हातात हात गुंफून येत, आणि दाराच्या धातूतून विजेचे विडे, म्हणजे इलेक्ट्रॉन, मिळत ते गड्यामागे दोन घेऊन हात सोडीत, आणि मग ठाण्यामागून ठाणे गाठीत पार होत. पलीकडे हायड्रोजनाशी सोयरीक होऊन पाणी होई, आणि विडे तेथे उतरवीत, ते बाहेरच्या वाटेने राज्याचा दिवा उजळून पुन्हा दारी येत.

दाराचे वतन गोजराबाईसाहेबांचे. बाई मोठ्या मानी. त्यांनी देवाचा गाभारा मढवावा तैसे दार प्लॅटिनमने मढविले, फट म्हणून ठेवू दिली नाही, आणि दिवा मिणमिणू लागला. राजे बोलिले, "आम्ही पाहणीस येतो. दिवा ऐसाच असला तर वतन हैबतरावास." हैबतराव दिवाण, टपूनच बसलेले. म्हणाले, "बाईसाहेब, दार पाहून डोळे निवले. दिवा पाहायला मात्र काडी ओढावी लागते." बाई म्हणाल्या, "ओढा की. तेवढे तरी जमेल तुम्हांस."

मग बाईंनी आच वाढविली, गडी चवताळून धावले, दिवा थोडा उजळला, पण भिंत कुरकुरू लागली. मग बाई पदर खोचून स्वतः दारी उभ्या राहिल्या आणि पाहतात तो काय, पत्र्याच्या मध्यावर गड्यास विडा मिळे पण ठाणे झाकलेले, आणि उघड्या भिंतीवर ठाणे मिळे पण विडा नाही. जेथे हवा, धातू आणि भिंत तिन्ही भेटत त्या काठावर तेवढी झुंबड, आणि तेथूनच गडी आत जात. बाईंनी सुभाना कारागिरास हाक मारिली. "पत्र्याची चाळण कर."

सुभाना रडकुंडीस आला. "बाईसाहेब, जीव ओतून मढवला. आता भोकं पाडू? लोक काय म्हणतील?"

"लोकांना दिवा दिसला की दार कोण बघतंय? प्रत्येक भोकाला आपला काठ येतो, आणि मला काठ हवाय. पाड."

मग दाराची चाळण जाहली, आणि भोकाभोकाच्या काठावर जोड्या हात सोडू लागल्या, आणि आच पूर्ववत कमी करूनही दिवा ऐसा पेटला की राजे पाहणीस आले ते डोळ्यांवर हात धरून. हैबतराव कुजबुजले, "दाराला देवी आल्या वाटतं."

बाई बोलिल्या, "त्या व्रणाव्रणातून गडी आत जातोय, दिवाणजी. तुमच्या तुळतुळीत तोंडातून आजवर काय निघालं?"

राजे हसले आणि वतन वंशपरंपरा बाईंकडे कायम केले.

तात्पर्य इतुकेच की खोळंबा दारी होता, काठ वाढविता मोडला. आणि बाईंनी आपली शोभा आपल्या हुकुमाने भोसकविली म्हणून दार त्यांचे राहिले. हकिकत पुरी.