सतरा सांध्यांचा यंत्रसिंह

एका जंगलात वस्तू घडवणारे थोडे होते आणि वस्तू पारखणारे फार. त्यामुळे तेथे वस्तूंची टंचाई असे. मतांची कधीच नसे.

नीट मांडी घालून बसा, मुलांनो. गोष्ट लहान असली तरी ऐकणाऱ्याची पाठ ताठ असावी.

तर त्या जंगलात टोकेराव नावाचा एक सुतारपक्षी राहत होता. डोक्यावर तांबडा तुरा, चोच धारदार आणि बोलणे मोजके. नदीकाठच्या एका वाळक्या सागाच्या खोडात त्याची ढोली होती. फांदीवर त्याचा कारखाना होता आणि ढोलीत संसार. संसारात त्याची पत्नी रंगूबाई होती, आणि रंगूबाईच्या पंखांखाली तीन अंडी होती.

एके दिवशी राजगुहेतून दवंडी पिटली गेली.

"ऐका हो ऐका! बाळराजांना एक वर्ष पूर्ण होत आहे. नदीपलीकडच्या शहरातील मुलांजवळ एक खेळणे असते. मिटले की मोटारगाडी, उघडले की यंत्रमानव. बाळराजांना तसेच हवे आहे. ज्याचे खेळणे परीक्षेत उत्तीर्ण होईल, तो राजकारागीर. त्याला नदीकाठचा वाळका साग कायमचा बहाल!"

रंगूबाईने ढोलीबाहेर मान काढली.

"अहो, तो तर आपलाच साग."

"आपण राहतो म्हणून आपला वाटतो. आहे महाराजांचा."

"आणि दुसराच कोणी उत्तीर्ण झाला तर?"

टोकेरावाने चोच फांदीवर दोनदा घासली. चोच घासण्याची वेळ नसताना तो ती घासू लागला, की रंगूबाईला काय ते समजत असे.

"अंडी फुटायला अजून दहा दिवस आहेत," ती म्हणाली. "अंड्यांना घेऊन बिऱ्हाड हलवता येत नाही, एवढे लक्षात ठेवा."

टोकेराव कामाला लागला.

मोटारगाडी जंगलात कोणी पाहिली नव्हती आणि मानवाविषयी तेथे फारसे चांगले मत नव्हते. म्हणून त्याने योजले, की खेळणे मिटले की कासव व्हावे आणि उघडले की यंत्रसिंह. सिंह अशासाठी, की परीक्षा सिंहाच्या दारात होती. टोकेराव कारागीर असला तरी अगदीच भोळा नव्हता.

सतरा सांधे त्याने कोरले. प्रत्येक सांध्यात बाभळीची खुंटी बसवली. करंजाच्या तेलाने त्या खुंट्या मुरवल्या. कासवाच्या पाठीतून आयाळ निघे, पोटातून पंजे निघत, आणि मान अशी टक्कन वर येई की रंगूबाई पहिल्यांदा दचकून अंड्यांवरून उठली.

"पुन्हा करा पाहू," ती म्हणाली.

त्याने पुन्हा केले. टक्!

"अगं बाई! पुन्हा!"

त्या संध्याकाळी त्या दोघांनी ते कासव सहा वेळा सिंह केले आणि सहा वेळा कासव. मग टोकेरावाने ते बाजूला ठेवले. सहाव्या वेळेलाही प्रत्येक सांधा पहिल्याइतकाच घट्ट होता.

परीक्षेचा दिवस उजाडला. राजगुहेसमोरच्या सपाट खडकावर सारे जंगल जमले. परीक्षक होत्या अंबूताई सुगरण.

मुलांनो, सुगरण पक्ष्यांची रीत तुम्हाला ठाऊक असावी. नर अर्धे घरटे विणून टांगतो. मग मादी येते, घरट्याला लोंबकळते, गाठी ओढून पाहते. पसंत पडले तर संसार; नाही तर नराने दुसरे विणावे. अंबूताईंनी आजवर बावीस घरटी नाकारली होती. एकाची गाठ सैल होती. एकाचे दार पश्चिमेला होते. एकाचे गवत शिळे होते. बाविसाव्यात काहीच दोष नव्हता, म्हणून ते त्यांना संशयास्पद वाटले. परिणामी अंबूताई स्वतः बाभळीच्या एका उघड्या फांदीवर राहत, आणि पाऊस आला की भिजत. परंतु जिला काहीच पसंत पडत नाही तिला सारे कळते, अशी त्या जंगलाची श्रद्धा होती.

खेळणी दोनच आली होती. एक टोकेरावाचे. दुसरे हुप्पाशेठ नावाच्या वानराचे. हुप्पाशेठ स्वतः काही घडवत नसे. तो नदीपलीकडून आणत असे. त्याने एक चकचकीत खोका आणला होता. खोक्यावर अग्निबाण सोडणाऱ्या महाकाय योद्ध्याचे चित्र होते. खोक्याला एक पारदर्शक खिडकी होती आणि तिच्यातून एक कोपर दिसत होते. काहींच्या मते तो गुडघा होता.

"आधी सुताराचे," अंबूताई म्हणाल्या.

त्यांनी यंत्रसिंह उलटा केला. सुलटा केला. गवताचे एक पाते घेऊन प्रत्येक फटीत घालून पाहिले. पाते कोठेच शिरेना. उतारावर उभा केला. सिंह उभा राहिला. चोचीने रंग खरवडला; रंग निघेना. मग त्यांनी एकेक सांधा उघडला आणि मिटला. टक्, टक्, टक्. सतरा वेळा टक्.

अंबूताई थांबल्या. त्यांच्या तोंडून अगदी हळू शब्द निघाले, "बरे आहे."

सभेत कुजबुज पसरली. अंबूताईंनी एखाद्या वस्तूला बरे म्हटल्याचे कोणाच्याही स्मरणात नव्हते.

"अंबूताईंचे वय झाले वाटते," एक तरस शेजारच्या तरसाला म्हणाला.

"दोष दिसला नाही म्हणे त्यांना!" शेजारचा तरस म्हणाला.

टोकेराव अगदी जवळ उभा होता. त्याने अंबूताईंच्या डोळ्यांकडे पाहिले. त्या डोळ्यांत त्याला आनंद दिसला नाही; भीती दिसली. दोष काढता आला नाही तर आपण पारखी कसल्या, अशी ती भीती होती. टोकेरावाच्या तुऱ्याची पिसे आपोआप उभी राहिली.

"एकदा उघडून काही कळत नाही," अंबूताई मोठ्याने म्हणाल्या. "पुन्हा पाहिले पाहिजे."

त्यांनी पुन्हा पाहिले. मग पुन्हा. कासव, सिंह, कासव, सिंह. ससे मोजू लागले. ससे मोजण्यात पटाईत नसतात; चारशेनंतर त्यांच्याकडे पुन्हा तीनशे आले. प्रेक्षक टाळ्या वाजवू लागले. एक अस्वल तालावर डोलू लागले आणि डोलता डोलता खडकावरून घरंगळले. हत्तीने त्याला सोंडेने वर ओढले, तोवर सिंहाचे आणखी वीस वेळा कासव झाले होते. सकाळची दुपार झाली. अंबूताईंना धाप लागली, पण त्या थांबेनात.

हजाराच्या सुमारास टक् हा आवाज गेला. त्या जागी फुस् असा आवाज आला.

अंबूताईंनी झडप घालून गवताचे पाते उचलले. ते फटीत सर्रकन शिरले.

"सांधा ढिला!" त्या आनंदाने किंचाळल्या. "मानेखालचा तिसरा सांधा ढिला आहे!"

"वाहवा!" सारी सभा ओरडली. "काय ती नजर!"

टोकेराव पुढे झाला. "ताई, आपण तो हजार वेळा उघडलात."

"मग?"

"म्हणून तो ढिला झाला."

"टोकेराव," अंबूताई धाप टाकत म्हणाल्या, "परीक्षा खेळण्याची चालली आहे. माझी नव्हे."

मग हुप्पाशेठचा खोका पुढे आला. अंबूताईंनी झाकणाला चोच लावली मात्र, हुप्पाशेठने दोन्ही हात पसरले.

"अहो ताई, हे काय करता! हे मूळ वेष्टन आहे. फोडले की किंमत निम्मी झाली म्हणून समजा. जाणकार मंडळी वेष्टन कधी फोडत नाहीत. अडाणी फोडतात."

अंबूताईंची चोच जागीच थबकली. जाणकार नाही असे म्हणवून घेणे त्यांना परवडणारे नव्हते.

"ते मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "मी केवळ कडा पाहत होते."

कडा सरळ होत्या. कोपरे चारही काटकोनी होते. खोक्यावर 'मजबूत! टिकाऊ! अद्वितीय!' असे छापलेले होते.

"उद्गारचिन्हे दोन अधिक आहेत," अंबूताई म्हणाल्या. बाकी त्यांना काही सापडेना. खिडकीतून त्यांनी बराच वेळ त्या कोपराकडे, किंवा गुडघ्याकडे, पाहिले. शेवटी त्या म्हणाल्या, "दोष आढळला नाही."

"दोष नाही!" पोपटांनी जंगलभर सांगितले.

झाले. हुप्पाशेठ राजकारागीर ठरला. उद्या सकाळी सागाचा ताबा त्याला मिळावा, अशी महाराजांनी आज्ञा केली.

खोका बाळराजांपुढे ठेवण्यात आला. बाळराजांनी पंजा उगारताच सहा दरबारी एकदम ओरडले, "उघडू नये, बाळराजे! बिघडेल!"

"मग खेळू कसे?"

"पाहावे, बाळराजे. अभिमानाने पाहावे."

बाळराजांनी थोडा वेळ अभिमानाने पाहिले. मग त्यांनी भोकाड पसरले. रडता रडता त्यांना खडकाखाली टाकून दिलेला नापास यंत्रसिंह दिसला. घट्ट असता तर तो त्यांच्या कोवळ्या पंजांना मुळीच उघडला नसता. परंतु अंबूताईंनी तो असा मऊ करून ठेवला होता, की पंजा लागताच त्याचे कासव झाले. फुस्! पंजा लागताच पुन्हा सिंह झाला. फुस्! बाळराजे हसत सुटले आणि खेळणे छातीशी धरून गुहेत पळाले.

महाराजांनी ते पाहिले. "खेळू द्या," ते म्हणाले. "मात्र ते खेळणे नापास आहे, याची बाळराजांना रोज आठवण करून देत जावी."

टोकेराव घरी आला. रंगूबाईला त्याने एकेक गोष्ट सांगितली.

"उद्या सकाळी हुप्पाशेठ येईल," तो म्हणाला. "ढोलीत त्याला खोके ठेवायचे आहेत."

रंगूबाई अंड्यांवरून तसूभरही हलली नाही. ती विचार करत होती.

"त्या खोक्यात नेमके होते तरी काय?"

"कोणी पाहिलेच नाही. मला वाटते, हुप्पाशेठनेही नाही."

"आणि न पाहताच तो उत्तीर्ण झाला?"

"न पाहिला म्हणूनच उत्तीर्ण झाला."

रंगूबाई एकदम हसू लागली. इतकी हसली की अंडी गडगडली आणि टोकेरावाला ती पायाने आवरावी लागली.

"अहो, ते धनेशाचे बिऱ्हाड आहे ना पलीकडच्या वडावर? धनेशीण अंड्यांवर बसली की ढोलीचे दार आतून लिंपून घेते. मी आजवर तिला हसत आले. जा, नदीवरची चिकणमाती आणा. भरपूर आणा. आणि डिंक विसरू नका. कडा अगदी सरळ यायला हव्यात!"

दिवस मावळायच्या आत ढोलीचे तोंड बंद झाले. सागाच्या मागच्या बाजूला, करवंदीच्या जाळीआड, चोच शिरेल एवढे भोक टोकेरावाने ठेवले. पुढच्या बाजूला लिंपण असे गुळगुळीत होते, की त्यावरून मुंगी घसरत होती.

सकाळी हुप्पाशेठ आला. बरोबर अंबूताईही होत्या, कारण त्या जंगलात ताबासुद्धा परीक्षेवाचून घेत नसत.

"हे काय?" हुप्पाशेठ म्हणाला. "ढोली कोठे आहे?"

"आत आहे, शेठ," टोकेराव नम्रपणे म्हणाला. "मूळ वेष्टनात आहे."

"फोड ते!"

"आपली वस्तू. आपण म्हणाल तर आत्ता फोडतो. किंमत मात्र निम्मी होईल. आणि अडाणी फोडतात असे काल आपणच..."

हुप्पाशेठने इकडेतिकडे पाहिले. जंगल जमू लागले होते. तरस दोन्ही कान टवकारून उभे होते.

"मी कोठे फोड म्हणालो?" हुप्पाशेठ घाईने म्हणाला. "मी म्हणालो, धूळ झाड."

तेवढ्यात लिंपणाआडून एक बारीक खुडबुड ऐकू आली. अंबूताईंनी मान वाकडी केली. त्यांनी लिंपणाला कान लावला आणि बराच वेळ लावून ठेवला. आत रंगूबाई श्वास रोखून बसली होती.

"टोकेराव," अंबूताई हळूच म्हणाल्या, "आत काय आहे?"

"उघडल्यावाचून कसे सांगणार, ताई?"

अंबूताईंनी त्याच्याकडे पाहिले. मग त्यांनी गवताचे पाते घेतले आणि लिंपणाच्या कडेने सावकाश फिरवले. ते कोठेच शिरले नाही. या वेळी त्यांनी पाते दुसऱ्यांदा फिरवले नाही.

"फट नाही," त्या म्हणाल्या. "गिलावा उत्तम. दोष आढळला नाही."

त्यांनी आजवर पसंत केलेले हे पहिलेच घर.

हुप्पाशेठची छाती फुगली. त्याने त्याच दिवशी सागाभोवती काटेरी कुंपण घातले आणि पहाऱ्याला चार वानर बसवले, जेणेकरून कोणी झाडाला हात लावू नये. लांबलांबून पाहुणे येत. हुप्पाशेठ त्यांना दुरूनच दाखवी.

"अस्सल साग! एकदाही न उघडलेला! माझ्याखेरीज कोणाजवळ नाही."

"आत काय असेल हो?" पाहुणे विचारत.

"त्याची कल्पना करण्यातच खरा आनंद आहे," हुप्पाशेठ म्हणे.

दवंडीपासून दहाव्या दिवशी अंडी फुटली. तिन्ही पिल्लांचा घसा खणखणीत होता. पहाऱ्यावरच्या वानरांनी तो कलकलाट ऐकला आणि ते धावत हुप्पाशेठकडे गेले. शेठने पाहुण्यांसाठी कुंपणावर नवी पाटी लावली : 'आता आवाजासह'.

मागच्या भोकातून टोकेराव दिवसभर अळ्या पुरवत होता. कुंपणामुळे साप येईनात, पहाऱ्यामुळे घारी येईनात. रंगूबाईचे म्हणणे पडले की असे सुरक्षित बाळंतपण तिच्या आईचेही झाले नव्हते.

तात्पर्य : मुलांनो, सांधे घट्ट बसवण्यात आयुष्य घालवू नये, झाकण घट्ट बसवावे. सांध्यांचा घट्टपणा पाहण्यासाठी झाकण उघडावे लागते, आणि तेवढा अडाणीपणा शहाणी मंडळी कधीच करत नाहीत.