रंगराव मास्तरांचा समुद्र

आमचे शेजारी रंगराव मास्तर आम्हा दोन घरांना सोलापूरहून रत्नागिरीला घेऊन गेले आणि समुद्र सोडून सगळं दाखवत राहिले.

मास्तर शाळेत कवाईत शिकवत, आणि घरीही. शुक्रवार पेठेतून लग्नाला निघाले तरी पोरं उंचीप्रमाणं रांगेत. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनीच फर्मान काढलं, "रत्नांग्रीला चला! हितं काय उन्हात पापड व्हायचाय?" आमच्या गल्लीत समुद्र बघितलेलं कुणी नव्हतं. आधी रेल्वे, मग घाटातली मोटार, ओकाऱ्या, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. वाटेत तळं दिसलं तरी पोरं "समुद्र! समुद्र!" ओरडत होती.

पोचल्यावर मास्तरांनी छकडा ठरवला आणि मोहीम सुरू झाली. काथ्या वळणाऱ्या बायकांकडं चला! आमराईत चला! खाडीकाठी गलबतं बांधतात तिथं चला! पोरांनी काथ्या वळून हाताला फोड आणले, गलबताच्या पोटात शिरून अंगाला डांबर फासून घेतलं. मजा आली, खोटं कशाला बोलू? पण माडांआडून गाज ऐकू यायची आणि समुद्राचं नाव काढलं की मास्तर म्हणायचे, "त्यात काय बघायचंय? पाणीच की! चला फुडं!"

पाणीच की! घागरभर पाण्यावरून जिथं भांडणं जुंपतात त्या गावचा माणूस हे बोलत होता. परतायची वेळ आली, माझी धाकटी लेक रडून लाल झाली. मीही तापलो आणि पहाटे एकटाच किनाऱ्यावर गेलो.

बघतो तर मास्तर! धोतर खोचून, गुडघाभर पाण्यात उभे, घागर भरताहेत.

"काय मास्तर? पाणीच की!"

ते चपापले. "हिच्या पायावर वताय नेतोय," म्हणाले.

वहिनींचा एक पाय लहानपणापासून अधू, काठीशिवाय चालता येत नसे. वाळूत काठी रुतते. छकडा दारापर्यंत जाईल अशाच जागा मास्तर का निवडत होते, ते आत्ता माझ्या डोक्यात शिरलं.

"मग पोरांना तरी सोडायचं!"

"सोडलं असतं की. पर ती म्हनली असती, तुमी जा, मी सामान राखती. गड्ड्याच्या जत्रंत त्येच, वरातीत त्येच. हितं तरी तिनं एकटीनं बसू न्हाय, असं वाटलं."

मी म्हणालो, "अहो, बिऱ्हाडात खुर्ची आहे की!"

मास्तर घागर तिथंच टाकून पळत सुटले. थोड्याच वेळात वरात निघाली. खुर्चीत वहिनी, उचलायला आम्ही दोघं आणि त्यांचे दोन थोरले मुलगे. मास्तर ओरडत होते, "डावा! उजवा! डावा!" आणि वाळूत एकाचाही पाय तालावर पडत नव्हता. "अवं, लोक हसत्यात!" म्हणत वहिनीच सगळ्यांत जास्त हसत होत्या.

पहिली लाट पावलांवर आली तशा त्या किंचाळल्या, "आगं आई गं!" मग त्यांनी समुद्राला हळदकुंकू वाहिलं, नारळ सोडला. पुढच्या लाटेनं तो परत आणून दिला, तशी पोरं खिदळत त्याच्यामागं पाण्यात धावली.

खुर्ची रुतायला लागली. मास्तर ओल्या वाळूत गुडघे टेकून खुर्चीचे दोन्ही हात धरून बसले, वहिनींकडं तोंड आणि समुद्राकडं पाठ.

"मास्तर, मागं बघा की, केवढी लाट!"

त्यांनी मान वळवली नाही. वहिनींच्या तोंडाकडं बघतच म्हणाले, "हितनं दिसतोय की समदा. लई मोठा हाय."