कांताबाई : एक कार्यरत गतिरोधक

कोणत्याही गोष्टीची गरज ही ती गोष्ट नसल्यामुळे झालेल्या नुकसानीवरूनच मोजावी, हे सुधारलेल्या राज्यकारभाराचं पहिलं तत्त्व आहे. माणूस ‘तहान लागली’ म्हणतो म्हणून लगेच पाणी देत सुटलं, तर उद्या कुणीही उठून तहानेल. त्यानं आधी चक्कर येऊन पडावं, पडल्याचा पंचनामा व्हावा, पंचांच्या सह्या व्हाव्यात आणि मग तांब्या कुठं ठेवलाय याची चौकशी सुरू करावी. यात कुणावरही अन्याय होत नाही. पाण्यावर तर मुळीच होत नाही.

राजधानी मुंबईत, एका उंच इमारतीच्या पाचव्या मजल्यावर (इमारतीचं नाव सांगत नाही, ती मनाला लावून घेते) ‘गतिरोधक गरज पडताळणी कक्ष’ सहा वर्षं याच तत्त्वावर सुखानं नांदतो आहे. नियम एकच. जिथं गतिरोधक हवा, तिथं मागल्या बारा महिन्यांत किमान तीन अपघात झालेले असावेत, पैकी एक गंभीर. म्हैस अर्धा अपघात धरावी. शेळी धरू नये. कोंबडीबाबत मार्गदर्शन मागवलेलं आहे. कक्षाकडे आजवर दोन हजार तीनशे अठरा अर्ज आले आणि एकेचाळीस ठिकाणची गरज सिद्ध झाली. त्यांतल्या नऊ अर्जदारांना ही आनंदाची बातमी कळवता आली नाही, कारण गरज सिद्ध करण्यात त्यांचाच सिंहाचा वाटा होता.

या कक्षात साक्षी भिवा हिवाळे हिची सहा महिन्यांसाठी प्रशिक्षणार्थी म्हणून निवड झाली. साक्षी जालना जिल्ह्यातली, वाटूर फाट्याच्या अलीकडं रस्त्याला चिकटून असलेल्या एका वस्तीतली. (वस्तीचं नाव देत नाही. दिलं तर पाटी लावावी लागेल.) जालन्यात राहून तिनं स्थापत्याची पदविका घेतली होती. निवडीचं पत्र आलं तेव्हा वस्तीनं शाल-नारळ दिला, फाट्यावर फ्लेक्स लावला आणि त्यावर तिच्या फोटोखाली ‘राजधानीतील वरिष्ठ अधिकारी’ असं छापून टाकलं. फ्लेक्सवाला म्हणाला, प्रशिक्षणार्थी हा शब्द मोठाय, बसत न्हाई.

वरिष्ठ अधिकाऱ्याला पहिले सतरा दिवस खुर्ची मिळाली नाही. ती निकाली फायलींच्या गठ्ठ्यावर बसे. (प्रलंबित फायलींचा गठ्ठा जास्त उंच आणि मऊ होता, पण तो भुजंग साहेबांच्या टेबलाला आधार म्हणून लागे.) आई रोज फोनवर विचारी, “जेवलीस का? खुर्ची देली का न्हाई?” साक्षी म्हणे, “जेवले.” दरम्यान तिनं फायलीला टॅग बांधणं, पानांना क्रमांक घालणं आणि शासनाची भाषा या तीन विद्या आत्मसात केल्या. शासनाची भाषा अवघड नाही. ‘पाहिले’ म्हणजे पाहिलेलं नाही. ‘चर्चा करावी’ म्हणजे आज नको. ‘तपासून सादर करावे’ म्हणजे आज नको आणि उद्याही नको. ‘नियमानुसार कार्यवाही व्हावी’ म्हणजे काय करायचं ते करा, माझं नाव मध्ये आणू नका.

कक्ष अधिकारी भुजंग साहेब हे सव्वीस वर्षं निष्कलंक सेवा केलेले गृहस्थ. इतक्या वर्षांत त्यांचा एकही निर्णय चुकला नाही, कारण त्यांनी एकही घेतला नाही. स्वभावानं इतके मायाळू की पंख्यावर बसलेलं कबूतर उडेपर्यंत पंखा लावत नसत.

तिसऱ्या महिन्यात साक्षीच्या पुढ्यात एक फाईल आली. आतल्या अर्जावरचं अक्षर ओळखीचं वाटलं. नीट बघितलं तर तिचंच होतं! पाच वर्षांमागं, दहावीत असताना, वस्तीच्या वतीनं तिनंच तो अर्ज लिहिला होता. घरं रस्त्याच्या अल्याड, शाळा पल्याड, रस्ता चौपदरी झाल्यापासून गाड्या उडत जातात, तरी कृपा करून एक ब्रेकर द्यावा. खाली बासष्ट सह्या. साक्षीला इतका आनंद झाला की तिनं तो कागद छातीशी धरला. एक ट्रॅक्टर गिट्टी, दोन पिंपं डांबर, चार माणसं आणि अर्धा दिवस, एवढंच तर काम! तिनं तिथल्या तिथं टिपणी लिहिली : ‘सदर ठिकाण प्रस्तुत प्रशिक्षणार्थीने जन्मापासून पाहिलेले आहे. गतिरोधक नाही. अत्यंत गरज आहे.’

भुजंग साहेब कौतुकानं हसले. “तुम्ही पाहिलंत हो. पण शासनानं पाहिलंय का?”

“साहेब, मी तिथलीच आहे.”

“तेच तर. तिथल्या माणसाला तिथलं दिसणारच. माहिती रीतसर मार्गानं यायला हवी.”

माहिती रीतसर मार्गानं निघाली. साक्षीनंच पत्राचा मसुदा केला, तिनंच जावक क्रमांक घातला. पत्र सहा कार्यालयांत मुक्काम करत चव्वेचाळीस दिवसांनी वस्तीत पोचलं आणि ग्रामसेवक माऊली ते घेऊन थेट साक्षीच्या आईकडं, कांताबाईकडं आले. दुसरं कुणाला विचारणार? कांताबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवते. आणि रस्ता मोठा झाला त्या दिवसापासून, सहा वर्षं, शाळा भरताना आणि सुटताना, तुराटीला लाल ब्लाउजपीस बांधून ती भर रस्त्यात उभी राहते. गाड्या थांबतात, एकसष्ट लेकरं पार होतात, मग ती बाजूला होते.

“कांताबाई, सरकारनं विचारलंय, सालभरात अपघात किती झाले?”

“एक बी न्हाई.”

“मावशी, जरा आठवून पाहा ना. न्हाई म्हणलं तर ब्रेकर भेटायचा न्हाई.”

“वा रे वा! मंग मी इथं उन्हातान्हात उभी राहून राह्यले ती काय अपघात व्हावा म्हणून? सहा वर्सांत एका लेकराला खरचटू देलं न्हाई मी.”

“तेच तर वांधं झालं ना, मावशी,” माऊली हळहळून म्हणाले. त्यांनी साक्षीला फोन लावला. “ताई, तुमचंच पत्र आल्तं. काय लिहू सांगा.”

साक्षी म्हणाली, “खरं ते लिहा.” तिला नोकरीला लागून तेव्हा फक्त पाच महिने झाले होते, हे लक्षात घेऊन तिला माफ करावं.

अहवाल आला : ‘अपघात निरंक. कारण : सौ. कांताबाई भिवा हिवाळे.’ भुजंग साहेबांनी तो दोनदा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. “अहो, म्हणजे गतिरोधक आहे की तिथं! उगाच नाही म्हणून अर्ज करतात लोक.”

त्यानंतर झालेली तांत्रिक छाननी कक्षाच्या इतिहासात आदर्श मानली जाते. सदर गतिरोधकाची उंची चार फूट अकरा इंच आढळली. विहित उंची दहा सेंटीमीटर असल्यानं ती जादा आहे. रुंदी अपुरी आहे. अंगावर पांढरे पट्टे नाहीत. (एका साडीवर आहेत, पण उभे आहेत.) चाळीस मीटर अलीकडं सूचनाफलक नाही. पावसाळ्यात सदर गतिरोधक डोक्यावर पोतं घेतो, ही बाब मानकांत कुठंही बसत नाही. कार्यक्षमता मात्र शंभर टक्के.

आता मार्ग दोनच उरले. एक तर कांताबाईला गतिरोधक म्हणून नियमित करायचं. पण मग शंभर मीटरच्या आत दुसरा गतिरोधक देता येत नाही, आणि कांताबाईचं आयुष्य संपेपर्यंत वस्तीला वाट बघावी लागेल. नाहीतर तिला रस्त्यावरचं अतिक्रमण समजून हटवायचं आणि तीस दिवस निरीक्षण करायचं. साहेबांनी वस्तीच्या भल्याचा विचार करून दुसरा मार्ग निवडला आणि मसुदा सांगू लागले : “सदर गतिरोधक तीस दिवसांकरिता हटवून अपघातांना पुरेशी संधी उपलब्ध करून द्यावी.”

साक्षीचा हात थांबला. “साहेब, तो गतिरोधक माझी आई आहे.”

“मग तर फारच सोपं. नोटीस वेळेत बजावली जाईल.”

“आणि त्या एकसष्ट पोरांत माझा भाऊ आहे. भारत. सहावीत आहे.”

साहेबांनी चष्मा काढला. त्यांना खरोखरच वाईट वाटलं, ते खोटं वागणारे नव्हेत. “साक्षी, मन घट्ट करा. आपल्याला फक्त तीन लागतात. एकसष्टातले तीन. टक्केवारी काढून पाहा, पाचसुद्धा होत नाही.”

साक्षी उठून बाथरूममध्ये गेली. नळ सोडून रडली. आधी साहेबांना शिव्या घातल्या, मग ‘खरं ते लिहा’ म्हणणाऱ्या स्वतःला घातल्या. भारत दप्तर सावरत रस्ता पार करतोय आणि पुढं आई नाही, हे काही केल्या तिच्या डोळ्यांपुढून हलेना. मग तिनं तोंड धुतलं आणि जागेवर येऊन, सहा महिन्यांत शिकलेलं सगळं पणाला लावून, टिपणी लिहिली : ‘मसुदा सादर. तथापि, गतिरोधक हटवण्यापूर्वी पुढील बाबींचा खुलासा होणे आवश्यक वाटते. सदर गतिरोधक चल मालमत्ता समजावा की अचल? हटवल्यानंतर तो कोणाच्या ताब्यात ठेवावा? तो स्वतःहून परत आल्यास जबाबदारी कोणत्या विभागाची? तो शाळेत खिचडीही शिजवीत असल्याने संबंधित खात्याचे ना-हरकत लागेल काय? त्याने थांबवलेल्या वाहनचालकांची प्रतिक्रिया काय? विधी विभागाचे अभिप्राय घ्यावेत काय?’

भुजंग साहेबांनी टिपणी वाचली आणि त्यांचे डोळे भरून आले. सव्वीस वर्षांत इतकं निर्दोष काम त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी ‘चर्चा करावी’ असा शेरा मारला. फाईल सात विभागांच्या प्रवासाला निघाली. ती अजून आलेली नाही आणि ती येणार नाही याची तिथं सगळ्यांना खात्री आहे. लोक सरकारी दिरंगाईला नावं ठेवतात, ठेवोत बापडे. वाटूरच्या अलीकडची एकसष्ट लेकरं आज धडधाकट आहेत ती तिच्याच कृपेनं. साक्षीला ‘उत्कृष्ट प्रशिक्षणार्थी’ असं प्रमाणपत्र मिळालं. ब्रेकर मात्र मिळाला नाही, आणि कांताबाईचे गुडघे काही विधी विभागाच्या अभिप्रायासाठी झिजायचे थांबले नाहीत.

साक्षी गावी परतली त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात माऊली दारात आले. राजधानीतून विचारणा झाली होती : ‘थांबवलेल्या वाहनचालकांची प्रतिक्रिया एक दिवस मोजून कळवावी.’

“कुण्या येड्यानं काढलंय हे, ताई?” माऊली म्हणाले. “पर आता तुम्हीच करा बाई. वस्तीत बराबर लिहिणारं दुसरं कोण हाय?”

येड्यानं काढलेलं काम येड्यालाच मिळालं, म्हणून साक्षीला हसू आलं. ती रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर पाटी घेऊन बसली. सकाळ-संध्याकाळ मिळून कांताबाईनं चारशे बारा गाड्यांना तुराटी दाखवली. हॉर्न वाजवणारे तीनशे एक्याऐंशी. शिव्या देणारे एकोणीस. फोटो काढणारे सात. पोरं जाईपर्यंत गप थांबून हात दाखवून गेलेले चार.

चारशे बारावी गाडी पांढरी होती. काचा वर, वेग ऐंशीच्या घरात. कांताबाईनं तुराटी आडवी धरली, गाडी थांबली नाही, नुसती वळली. आरसा तिच्या हातावर आपटला. तुराटी मोडली, दोन बांगड्या पिचल्या, मनगटातून रक्त आलं. भारत तिच्यामागं दोन पावलांवर होता.

“आई गं!” म्हणून साक्षी पाटी टाकून धावली. कांताबाई मात्र आधी मागं वळून पोरं मोजत होती.

गाडी पुढं जाऊन थांबली आणि मागं आली. आतला माणूस वाईट नव्हता. काच खाली करून त्यानं विचारलं, “लागलं नाही ना हो, काकू?” रक्त पाहून तो खरोखर हळहळला. म्हणाला, “इथं एक गतिरोधक हवाच. पण या सरकारला काही पडलेली आहे का? माणसाच्या जिवाची किंमतच नाही हो या देशात.” मग त्यानं काच वर केली आणि गाडी पुन्हा ऐंशीवर नेली.

अहवालात साक्षीनं एक रकाना वाढवला : ‘सरकारला नावं ठेवून त्याच वेगानं गेलेले – एक.’ गाडीचा नंबर टिपायचा राहून गेला, कारण ती आईचा हात धरून बसली होती. एवढंच आठवतं की गृहस्थ शिकलेले होते, वाचणारे वाटत होते, आणि अशा गोष्टी ऐकल्या की त्यांना मनापासून चीड येत असावी. ही हकिकत वाचताना आपणही दोन-तीनदा ‘काय हे सरकार!’ असं म्हणालाच असाल. अहवाल पुरा व्हायला एवढंच बाकी आहे, तेव्हा रागावू नका, पण आपली गाडी कोणत्या रंगाची आहे?