खांदेकरी पाहिजेत

सन १९४३च्या सुमारास आमच्या गावात मरणे फार गैरसोयीचे होऊन बसले होते. गाव वाईपासून दोन कोसांवर, घाट कृष्णेचा, लाकूडफाटा मुबलक. घोडे अडले ते खांद्यांपाशी. धडधाकट गडी सगळे पलटणीत गेलेले. मागे राहिलेल्यांपैकी निम्म्यांची कंबर धरलेली, आणि उरलेल्यांची ऐन वेळी धरायची. लालासाहेबांचे वडील वारले तेव्हा त्यांना उसाच्या गाडीतून न्यावे लागले. तेव्हा समाजकार्याची हौस असलेल्या आम्ही काही जणांनी ‘अंत्ययात्रा साहाय्यक मंडळ’ काढले.

अध्यक्ष विष्णुपंत, कचेरीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून. दोन उपाध्यक्ष, एक खजिनदार आणि चिटणीस मी. पदाधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष खांदा देणे शोभले नसते, म्हणून चार स्वयंसेवक तेवढे भरायचे राहिले होते.

पाटी लागली त्याच दिवशी बनुबाई आली. सत्तरीची म्हातारी, दोन्ही मुलगे लढाईवर, एक आफ्रिकेत, दुसरा कुठे ते सरकारलाच ठाऊक.

“आवं चिटनीस, माजं नाव पयलं लिवा,” ती म्हणाली. “लालासायबाचा बा गाडीत कसा हेंदकाळत गेला ते म्या बघितलंय. मी काय उसाची मोळी न्हाई. चार मानसांच्या खांद्यावरनं जायचंय मला. दुसरं काय बी मागनं न्हाई.”

तिचे डोळे भरले होते. माझेही भरले. मी तिला मंडळाच्या वतीने शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी उमेदवार आले. पहिला नाथाजी, तालमीतला गडी. एका डोळ्याने अधू म्हणून पलटणीने परत पाठवलेला.

“स्वतःहून आलात?” विष्णुपंतांनी विचारले.

“व्हय.”

“कारण?”

“आता कारन काय? मानूस मेलं तर उचलाय नगं?”

“म्हणजे माणसे मरावीत अशी तुमची अपेक्षा आहे.”

“आपेक्षा कशाला? मरत्यातच की!”

विष्णुपंतांनी माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिले. उमेदवार लोकांचे वाईट चिंतणारा, सबब नामंजूर.

दुसरा ज्ञानू. त्याला अनुभव विचारला.

“लय हाय की! पटकीच्या साली निम्मी आळी म्याच पोचवली.”

“त्यांपैकी कुणाचे शिफारसपत्र?”

ज्ञानूने आ वासला. “आवं, ती समदी मेली की!”

“तुम्ही म्हणता. पुरावा काय?”

नामंजूर. असे करता करता आलेले सगळेच बाद झाले, आणि त्यातूनच विष्णुपंतांना मूळ तत्त्व सापडले.

“पलटणीचा सुभेदार छाती मोजून माणूस घेतो,” ते म्हणाले, “आपल्याला मन मोजायचे आहे. जो आपण होऊन येतो त्याला यायची इच्छा असते. इच्छा आली की स्वार्थ आला. मग खरा निःस्वार्थी कोण? ज्याला मुळीच यायचे नाही तो!”

आम्ही थक्क झालो. इतकी साधी गोष्ट, आणि आमच्या डोक्यात शिरू नये!

लगेच घरोघर फिरलो. “येतो” म्हणाला तो गळाला. नानासो आमची चाहूल लागताच माळ्यावर चढले आणि बायकोकडून “सांगलीला गेलेत” असे सांगवले. तेवढ्यात माळ्यावरून शिंक आली. असा माणूस शोधून सापडायचा नाही. त्यांना एकमताने प्रमुख नेमले. आणखी तिघे त्याच तोलाचे मिळाले. सरावाला चौघांपैकी एकही फिरकला नाही, तेव्हा निवड अचूक ठरल्याबद्दल विष्णुपंतांचा सत्कार झाला.

नाथाजी मात्र पारावर बडबडू लागला, “मंडळ गेलं खड्ड्यात, आमी उचलू की!” शिस्तीचा प्रश्न होता. आम्ही दवंडी दिली, की मंजुरीवाचून जो खांदा देईल त्याच्या स्वतःच्या वेळी त्याला खांदा मिळणार नाही. मात्रा लागू पडली. हे गडी मरणाला भीत नाहीत, पण उसाच्या गाडीला भितात.

पौषात बनुबाईला धाप लागली. काठी टेकत ती माझ्या ओट्यावर आली.

“चिटनीस, आता काय माजं खरं न्हाई. गडी तयार हायती नव्हं?”

“चौघेही नेमले!”

“मंग येतील नव्हं?”

“छे! येणार नाहीत हे पारखूनच घेतलेत.”

मी तिला निःस्वार्थतेचे तत्त्व नीट समजावून सांगितले. म्हातारीने ऐकून घेतले आणि काठी आपटली. “मुडदा बशिवला तुमच्या मंडळाचा! माजं मी जाते.”

आणि खरेच ती तडक घाटाकडे निघाली. वाटेत नाथाजी आणि ज्ञानू भेटले. नाथाजी तिला उचलायला धावला, तर तिने हात झिडकारला.

“हात लावू नगंस रं लेकरा. तुज्या येळंला कोन येनार न्हाई.”

दोघे नुसते मागून चालत राहिले. ती पायरीवर बसली, मुलांची नावे घेत राहिली आणि दिवस मावळताना गेली. नाथाजी लहान पोरासारखा रडला. “चार मानसं, गड्या! चारच मागितली व्हती म्हातारीनं!” मलाही फार वाईट वाटले. पायरीपासून चितेपर्यंत त्या दोघांनी तिला उचलले किंवा कसे, याची चौकशी चालू आहे.

दुसऱ्या दिवशी शोकसभा झाली. चौकशीमुळे नाथाजी आणि ज्ञानूला आत सोडले नाही, पण बाकी गाव लोटला होता. नानासो माळ्यावरून उतरून आले आणि “माझी माऊली गेली” म्हणून अर्धा तास बोलले. बायाबापड्यांनी पदर डोळ्यांना लावले.

विष्णुपंत म्हणाले, “स्वयंसेवा म्हणजे काय ते बनुबाईने दाखवले! स्वतः उठली, स्वतः गेली, कुणाला तोशीस दिली नाही. आता या कार्यासाठी आपल्यापैकी कोण पुढे येतो?”

कुणी पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागले. कुणाला म्हशीची धार आठवली. एकही हात वर झाला नाही. विष्णुपंत भारावून माझ्याकडे वळले.

“चिटणीस,” ते म्हणाले, “पाहिलेत? सगळा गाव पात्र निघाला!”

भरती अजून चालू आहे. वाचकहो, तुमच्याही आळीत एखादी म्हातारी एकटी राहत असेल. तिच्यासाठी येता का?

नाही ना? छान. नाव काय लिहू?