माकू आयला

इसाकभाईंच्या दाराबाहेर बायकी सपातांचा एक जोड असे. सकाळी कामाला निघताना ते त्यांची तोंडं घराकडे वळवून ठेवत, म्हणजे बाई आत आहे. शुक्रवारी एक सपात मुद्दाम वाकडी. "रोज सरळ दिसल्या तर संशय येल, मास्तर. बाईमाणूस कधी घाईतपन असतां," ते मला सांगत.

घरात बाई नव्हती.

कुवेतमधल्या हवल्ली भागातल्या त्या इमारतीचा मालक, अबू नासर, फक्त कुटुंबवाल्यांना जागा देई. इसाकभाई रत्नागिरीकडचे, बंदरावर क्रेन चालवायचे. बायको हलीमा येणारच, या भरवशावर त्यांनी दोन खोल्या घेतल्या. भाडेकरार एका वर्षाचा. दर वर्षी तो वाढवायच्या वेळी मालक एकच प्रश्न विचारी, "आयला?" अरबीत आयला म्हणजे कुटुंब, हे कळेपर्यंत मी समजत होतो, हा गृहस्थ आपल्याला मराठीतून शिव्या देतोय. इसाकभाई हात छातीवर ठेवून तेवढ्याच जोरात म्हणत, "आयला, आयला!" आणि बाहेर आल्यावर मला, "येल ती. पुढल्या बोटीनं येल."

तोवर ते तिची सोय करून ठेवीत होते. दर गुरुवारी नवं कोरं लुगडं भिजवून दोरीवर वाळत घालत. न नेसताच ते विटलं. बाहेर पडताना दारात उभे राहून ओरडत, "कडी लाव गो!" आणि कुलूप बाहेरून घालत. वरच्या मजल्यावरच्या पॅलेस्टिनी बाईंनी एकदा ताटभर मिठाई पाठवली. इसाकभाईंनी ताट रिकामं परत केलं नाही. स्वतः घावन घालून नेऊन दिले. "हलीमानं केलान." हिंदुस्थानी बाई किती शांत, आवाजसुद्धा येत नाही, असं त्या बाई कौतुकानं सांगत.

मी त्याच इमारतीत, खालच्या दुकानामागच्या खोलीत चौघांबरोबर राहायचो. एका कंत्राटदाराकडे अरबी टायपिंग करायचो, म्हणून मी 'मास्तर'. इसाकभाईंना वाचता येत नव्हतं. हलीमाची पत्रं मीच वाचून दाखवी. तिचा भाऊ समुद्रात बुडून गेला होता. प्रत्येक पत्रात तेच, "मी पाण्यावर पाय ठेवणार नाही. तुम्ही या." इसाकभाई ऐकत आणि पत्राची घडी करत म्हणत, "भ्यालीय. येल."

म्हणजे घरात कोणी नाही आणि कोणी येणारही नाही, हे कुवेतमध्ये मला एकट्यालाच ठाऊक होतं.

आता जे सोळा वर्षं कोणाला सांगितलं नाही ते सांगतो. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. त्यातले बायकोबरोबर काढलेले दिवस चाळीस. ऑफिसात सांगितलं होतं, आधी घराचा करार दाखव, मग बायको आण. आणि घर मिळत नव्हतं.

त्या वर्षी इसाकभाई करार वाढवायला गेले, तेव्हाही दुभाषा म्हणून मला घेऊन गेले. नवा शर्ट घातला होता. अबू नासरनं चहा मागवला, कागद पुढे ओढला, पेन उघडलं आणि सवयीनं विचारलं, "आयला?"

"आयला, आयला!" इसाकभाई म्हणाले.

मी म्हणालो, "माकू आयला."

माकू म्हणजे नाही. दोन शब्द. मला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.

अबू नासर माझ्याकडे वळला. मग अरबीत हळूच म्हणाला, "मला तीन वर्षं माहीत आहे. सपाता कधी झिजतच नाहीत. पण तू तोंडावर बोललास. आता मी सही कशी करू?" त्यानं पेनाचं टोपण लावलं.

बाहेर आल्यावर इसाकभाईंनी विचारलं, "काय बोलला?"

"पुतण्याला हवीय म्हणे जागा."

"बरां," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. महिन्याभरानं ती जागा माझ्या नावावर झाली, तेव्हाही त्यांनी काही विचारलं नाही. उलट माझी ट्रंक जिन्यावरून चढवायला खांदा दिला. "वहिनी येतायत ना? मग झाला." कुवेतमध्ये उतरलेला कोणीही माणूस, त्याला वाचता येवो न येवो, भाकरीच्या दुकानात पहिल्याच दिवशी 'माकू' शिकतो, हे मला त्या जिन्यात आठवलं.

माझी बायको आली. दोन महिन्यांनी त्या पत्त्यावर हलीमाचं पत्र आलं. मी ते घेऊन इसाकभाईंच्या नव्या खोलीवर गेलो. सहा खाटा, सहा पुरुष. त्यांच्या खाटेखाली सपातांचा जोड नीट लावून ठेवलेला.

मी वाचलं, "आता वय होत चाललं. भीती किती दिवस धरू? तुम्ही जागा ठेवलीय तर मी येते. पुढल्या बोटीनं येते."

खोलीतलं कोणीतरी खोकलं. इसाकभाईंनी पत्र माझ्या हातातून घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं आणि परत दिलं.

"लिव, मास्तर," ते म्हणाले. "यंदा नको म्हणावं. दर्या वाईट हाय."

डिसेंबर होता. दर्या काचेसारखा पडून होता.

मी लिहिलं. अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं.