चपला धुतल्या का?

उत्तमनानांनी एकदा भर वरातीत नवरदेवाच्या घोड्याचे पाय धुतले. भक्तीने नव्हे. वरात नानांच्या हळदीच्या शेतातून आडवाटेने मंडपाकडे निघाली होती. नाना बादली घेऊन बांधावर उभे. सगळ्या वऱ्हाडाला चपला धुवायला लावल्या. नवरदेव म्हणाला, "मी तर घोड्यावर आहे." नाना म्हणाले, "मंग घोड्याचे धुतो." मुहूर्त टळला, पण हळद वाचली.

हे गृहस्थ हिंगोली-वाशीमच्या सीमेवर, आमच्या कनेरगाव नाक्यावर चहाच्या हॉटेलशेजारी, लिंबाखाली खुर्ची टाकून बसतात. गळ्यात सुतळीला बांधलेलं भिंग, पायाशी औषधाच्या पाण्याची बादली. कोणी राम राम घातला, तर उत्तर येतं, "चपला धुतल्या का?" फोनवरसुद्धा हेच. हॉटेलवाले रहीमचाचा भज्यांसाठी कांदा चिरायला घेतात, तेव्हा नाना आधी तो भिंगाखाली धरतात. आजवर एकाही कांद्याने तक्रार केलेली नाही. मी मात्र करणार आहे.

मी हळदीच्या बेण्याचा, म्हणजे लावणीच्या गड्ड्यांचा व्यापारी. हिंगोलीच्या मोंढ्यात पोती उचलत उचलत स्वतःचं दुकान उभं केलं. भावात मला आजवर कोणी हरवलं नाही. या माणसाने भाव न करताच हरवलं.

झालं असं, की काही वर्षांपूर्वी आमच्या भागात कंदकुज फार माजली. म्हणजे वर पान पिवळं पडतं आणि जमिनीत गड्डा सडतो. हा रोग बेण्यातून जातो, चपलेच्या मातीतूनही जातो. इकडच्या गावांनी तिकडच्यांना शिव्या दिल्या, तिकडच्यांनी इकडच्यांना. तेव्हा नाना दोन्हीकडच्या पंचांना नाक्यावर घेऊन आले आणि म्हणाले, "रोगाला काय ठाव, हिंगोली कुठं संपते अन् वाशीम कुठं लागते? तुमीच काहून भांडून राहिले?" ठराव झाला: तपासल्याशिवाय बेणं इकडून तिकडे जाणार नाही, तिकडून इकडे येणार नाही. तपासणार कोण? ज्याला दुसरा उद्योग नाही तो. पगार शून्य, ऐट कलेक्टरची. माल पास झाला की नाना चिठ्ठीवर हळदीने माखलेला अंगठा उमटवतात. त्या अंगठ्याशिवाय सीमेवरच्या गावांत कोणी पोतं उतरवून घेत नाही.

मागच्या साली माझा अख्खा टेम्पो त्यांनी परत पाठवला. का, तर एका पोत्यात चार गड्डे मऊ निघाले. मी म्हणालो, "नाना, ते पोतं काढा, बाकी सोडा." मान हलली नाही. "बरं, पाच पोती काढा." भिंग पुसत म्हणाले, "शेठ, रोगात घासाघीस न्हाई चालत." आजूबाजूचे हसले. ते हसू मी वर्षभर विसरलो नव्हतो.

यंदा मी प्रत्येक गड्डा स्वतः दाबून भरला आणि नाक्यावर छाती काढून उतरलो. "घ्या, बघा. एक तरी सापडला तर मिशी उतरवतो."

"चपला धुतल्या का?"

धुतल्या. दातओठ खात धुतल्या.

"माल कुणाकडं चालला?"

मी पलीकडच्या गावातल्या कौसल्याबाईंचं नाव सांगितलं. नानांच्या हातातलं भिंग जागीच थांबलं. मग त्यांनी सगळी पोती उसवली. सगळी! सकाळपासून उन्हं कलेपर्यंत एकेक गड्डा हातात घेतला, दाबला, हुंगला, औषधात बुडवला, सावलीत वाळवला.

मी ओरडलो, "नाना, बेणं बघता का पोरगी? लग्न जमवायचंय का गड्ड्याचं?"

नानांनी पुढचा गड्डा उचलला. रहीमचाचांनी मला हाताला धरून आत नेलं. म्हणाले, "चिल्लाओ मत शेठ. बहीण हाय त्याची."

मग कळलं ते असं. नऊ वर्षांपूर्वी अक्षयतृतीयेला बहीण माहेरी आली होती. नानांनी तिला साडीऐवजी घरच्या हळदीचं दोन पोती बेणं दिलं. प्रेमाने दिलं, तपासून दिलं नाही. त्यातूनच कंदकुज तिच्या शेतात शिरली, तिथून तिच्या गावाच्या शिवारात. लोक तिच्या सासरच्यांना बोलले. ती भावाला एका शब्दाने बोलली नाही. नानाच तेव्हापासून तिच्याकडे गेले नाहीत. रहीमचाचा म्हणाले, "ती बुलावते तर हा म्हनतो, माझ्या पायाला रोग हाय."

मी बाहेर आलो. नानांनी पोती शिवली, चिठ्ठीवर अंगठा उमटवला आणि हळूच म्हणाले, "शेठ, तिला माझं नाव सांगू नका."

"न्हाई सांगत," मी म्हणालो. व्यापारात मी याहून मोठ्या गोष्टी लपवल्या आहेत.

पण कौसल्याबाईंनी पहिलं पोतं सोडलं आणि तिथेच बसल्या. आत गड्डे थर लावून ठेवले होते, सगळ्यांचे कोंब एका दिशेला. त्या म्हणाल्या, "कुनी भरलं?"

"मीच."

"तुमी असं भरता व्हय?" दुसरं पोतं मी कसंही ओतत होतो, हे त्यांना दिसतच होतं. "लहानपनी आई गड्डे भरायला बसवायची तवा त्याला हीच खोड होती." पदराने डोळे पुसले आणि एकदम खणखणीत आवाजात म्हणाल्या, "त्याला म्हनावं, हळद लावायला मानूस न्हाई. चपला धुऊन ये."

दुसऱ्या दिवशी मी नाक्यावर निरोप दिला. शब्द न बदलता. मला वाटलं होतं, हा माणूस एकदा तरी गप्प झालेला बघून मजा येईल.

नाना उठले. बादलीत चपला धुतल्या. टाचेकडून पुन्हा धुतल्या. मग उन्हात पालथ्या धरून भिंग लावून पाहिल्या आणि परत बादलीत घातल्या.

"नाना," मी टेम्पोतून ओरडलो, "पास झाल्या! बसा आता."

"शेठ," ते वर न बघता म्हणाले, "तुमी एकदा बघा ना."

मी खाली उतरलो. भिंग हातात घेतलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी चपला डोळ्याशी धरून, एकेक शिवण नीट तपासली.